जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांतून आगटी आणि परसबाग



पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली की बांधावर आगटी पेटते. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, फुफाट्यात खुपसलेली कणसे आणि भोवती बसलेले पाहुणे, हा बीड जिल्ह्यातील हिवाळ्याचा ओळखीचा देखावा आहे. परंतु याच दिवसांत रान वाळलेले असते, खळ्यावर कडबा येऊ लागतो आणि वारा वाहता असतो. केज तालुक्यातील आमच्या गावी काही वर्षांपूर्वी हुरड्याच्या आगटीतून उडालेली एक ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीत पडली आणि पाऊण तासात वर्षाची वैरण राख झाली. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. ज्याने जनावर छावणीत नेऊन बांधले आहे, त्याला गंजीची किंमत सांगावी लागत नाही.

त्या घटनेनंतर आगटी खड्ड्यात न पेटवता भांड्यात पेटवावी, असा विचार आम्ही सुरू केला. भांडे शोधता शोधता भंगाराच्या दुकानापर्यंत पोचलो. आज बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव अशा गावांतील भंगारवाल्यांकडे निकामी वॉशिंग मशीन, कूलर आणि फ्रिज यांचे ढीग लागलेले दिसतात. त्यातील काही भाग आगटीसाठी, तर काही भाग परसबागेसाठी फार उपयोगी आहेत. मात्र काही भाग घरात आणूच नयेत असे आहेत. या तिन्हींतील फरक कसा ओळखावा आणि उपयोगी भागांपासून काय व कसे तयार करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

टाकाऊ वस्तूंतून शेतीची साधने करण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून थोडी जागा, थोडे पाणी आणि घरचा पालापाचोळा यांवर भाजीपाला पिकवण्याची दृष्टी अनेक कुटुंबांना दिली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिशव्या व पिंपे मांडून त्यांत उसाचे चिपाड, कंपोस्ट आणि थोडी माती भरून भाजीपाला व फळझाडे घेतली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने लोखंडी पिंपे भट्टीत ठेवून उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याची पद्धत बसवली आणि त्या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. या सर्वांनी हाताशी असलेली वस्तू वापरली, पण ती कोणत्या कामाला चालेल हे आधी तपासले. आपणही तसेच करावे.

भंगारातील भाग निवडताना तीन प्रश्न

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी किंवा घरातील जुनी वस्तू उघडण्यापूर्वी पुढील तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

१) या वस्तूत पूर्वी काय होते? पाणी, धान्य किंवा कपडे असतील तर ती वस्तू विचारात घ्यावी. कीटकनाशक, तणनाशक, बॅटरीचे आम्ल, रंग किंवा जळके ऑईल असेल तर ती वस्तू कितीही मजबूत दिसली तरी घेऊ नये. कीटकनाशकाचा डबा दहा वेळा धुतला तरी भाजीच्या उपयोगाचा होत नाही. तो भोके पाडून निकामी करावा.

२) या वस्तूवर कशाचा थर आहे? पत्र्यावर बर्फाच्या फुलांसारखी चकाकती नक्षी दिसली तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे असे समजावे. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. जाळ आणखी वाढला की त्याचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. म्हणून जस्ताचा पत्रा कधीही विस्तवाला लावू नये. रंगाचे पोपडे सुटलेला भाग भाजीला आणि विस्तवालाही वर्ज्य समजावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारखी कंदपिके मातीतील शिसे फळभाज्यांपेक्षा अधिक प्रमाणात साठवतात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असते.

३) यातून पाणी व हवा कोठून जाणार? विस्तवाला खालून हवा लागते आणि मुळांना पाण्याचा निचरा लागतो. दोन्ही वाटा नसतील आणि पाडताही येत नसतील तर ती वस्तू सोडून द्यावी.

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की वस्तूची वाटणी आपोआप होते. बिनरंगी स्टेनलेस स्टील व बीड विस्तवाला द्यावे. प्लॅस्टिक व जस्ताचा चांगला पत्रा मातीला द्यावा. मोटार, कंप्रेसर, तारा, पट्ट्या व नळ्या भंगारवाल्याकडेच ठेवाव्यात.

कोणती कामे घरी करू नयेत

जुने यंत्र अखंड आणून घरी फोडण्यापेक्षा सुटा केलेला रिकामा भागच वजनावर घ्यावा. वॉशिंग मशीन व मायक्रोवेव्ह यांच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहतो. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरचा झटका जीवघेणा ठरू शकतो. फ्रिजच्या नळ्यांत वायू कोंडलेला असतो. अलीकडच्या अनेक फ्रिजमधील आर-६००ए हा वायू ज्वालाग्राही आहे, तर जुन्या फ्रिजमधील सीएफसी ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने बंद करण्यात आला. दोन्ही बाबतींत नळी छिन्नीने तोडणे चुकीचेच आहे. वायू काढण्याचे काम फ्रिज दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावे.

तांबे काढण्यासाठी तारा जाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ताराच्या आवरणाचा धूर अत्यंत विषारी असतो आणि त्याची राख परसात पडली तर ती पुढे मातीत मिसळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा यंत्रांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांमार्फत व्हावी अशी जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा विजेचे भाग त्याच मार्गाने जाऊ द्यावेत. गॅसची जुनी टाकी कापून शेगडी करण्याचा विचारही मनात आणू नये. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही स्फोट होण्याइतका वायू उरलेला असतो.

वॉशिंग मशीनच्या ड्रमची आगटी

पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीनमधील कपडे फिरण्याचा आतला ड्रम बहुधा स्टेनलेस स्टीलचा असतो. त्याचा व्यास साधारण दीड फूट असून सर्व बाजूंना बारीक छिद्रे असतात. हीच छिद्रे आगटीला हवा पुरवतात आणि मोठी ठिणगी मात्र बाहेर पडू देत नाहीत. अर्धस्वयंचलित यंत्राचे टब बहुधा प्लॅस्टिकचे असतात. ते आगटीला चालत नाहीत, पण परसबागेला उत्तम चालतात. एकाच दुकानात दोन्ही शेजारी पडलेले असतात, म्हणून हात लावून खात्री करून घ्यावी.

ड्रम आणल्यावर पुढील कामे क्रमाने करावीत.

१) ड्रमच्या आत कपडे उलटेपालटे करणाऱ्या दोन-तीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या काढून टाकाव्यात. आमच्या पहिल्या आगटीत एक पट्टी काळ्या कोपऱ्यात राहून गेली. हुरड्याला असा वास लागला की पाटीभर कणसे फेकून द्यावी लागली आणि पाहुण्यांना पिठले-भाकरीवर परत पाठवावे लागले.

२) वरून कपडे टाकण्याच्या यंत्राच्या ड्रमला काठावर प्लॅस्टिकचे जाड कडे असते. त्यात तोल साधण्यासाठी खारे पाणी भरलेले असते. कडे उतरवून ते पाणी झाडांपासून व विहिरीपासून दूर टाकावे.

३) समोरून कपडे टाकण्याच्या यंत्राच्या ड्रममागे तीन पायांचा ॲल्युमिनियमचा आधार असतो. तो पान्ह्याने सोडवावा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे तो विस्तवाखाली ठेवू नये. रबराचे वाशरही काढावे.

४) राहिलेला ड्रम राखेने घासून धुवावा. तीन भक्कम विटांवर किंवा लोखंडी तिवईवर, जमिनीपासून सहा इंच उंच, तोंड वर करून ठेवावा. खाली राख झेलण्यासाठी जुने लोखंडी घमेले ठेवावे. शहाबादी फरशीवर आगटी ठेवू नये, कारण फरशी तापून फुटते आणि कपच्या उडतात.

५) पहिला जाळ रिकामा करावा. तासभर लाकडे जाळून आतील साबण व तेलाचा अंश जाऊ द्यावा. त्या जाळावर काहीही भाजू नये.

हुरड्यासाठी ड्रमच्या तळाशी दोन इंच कोरड्या मातीचा थर द्यावा, म्हणजे फुफाटा खाली गळत नाही. त्यावर गोवऱ्या उभ्या रचून पेटवाव्यात. धूर संपून लाल निखारे व राख तयार झाल्यावर कणसे दांड्याला धरून फुफाट्यात खुपसावीत. ती फिरवत राहावे आणि दाण्यांचा तडतड आवाज येऊ लागला की बाहेर काढून गोणपाटावर चोळावीत. ‘परभणी वसंत’, ‘फुले मधुर’ व ‘फुले उत्तरा’ हे हुरड्याचे सुधारित वाण असून गूळभेंडी व सुरती ही आपल्याकडील जुनी नावे आहेत. भाकरी किंवा आंघोळीचे पाणी करायचे असल्यास मातीचा थर काढून टाकावा आणि ड्रमच्या तोंडावर जुन्या गॅस शेगडीची बिडाची जाळी ठेवावी.

आगटी पेटवताना घ्यावयाची काळजी

• गंजी, गोठा, पाचटाचे छप्पर व वाळलेले पीक यांपासून आगटी किमान तीस फूट दूर असावी आणि वारा गंजीकडे वाहत असेल तर त्या दिवशी आगटी पेटवू नये.

• पाण्याची बादली व मातीची पाटी पेटवण्यापूर्वीच जवळ ठेवावी.

• ड्रम बाहेरूनही भाजतो. लहान मुलांसाठी भोवती तीन फुटांवर राखेची रेघ ओढावी आणि त्या रेघेच्या आत मोठ्यांखेरीज कोणी येऊ नये असा दंडक ठेवावा.

• भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तेल लावू नये.

• उठताना निखाऱ्यांवर पाणी शिंपडून उकरावे व पुन्हा शिंपडावे. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो.

• निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी बंद खोलीत कधीही नेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही सूचना विशेष लक्षात ठेवावी. कोपीचे दार प्लॅस्टिकने झाकलेले असते, थंडी कडाक्याची असते आणि लेकरांसाठी शेगडी आत घेण्याचा मोह होतो. शेक बाहेर घ्यावा आणि आत गोधडी वाढवावी.

जळण कोणते वापरावे

आपल्याकडे पऱ्हाटी व तुराटी भरपूर असते. पऱ्हाटी चांगले जळण आहे, परंतु तिच्यासोबत किडकी बोंडे घरी येतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. २०१७ च्या खरिपात या अळीने राज्यात केलेले नुकसान सर्वांनी पाहिले आहे. म्हणून पऱ्हाटी रचण्यापूर्वी बोंडे झोडून काढावीत, ती बोंडे आगटीत जाळावीत आणि पऱ्हाटीचा साठा पावसाळ्यापूर्वी संपवावा. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक व जुने टायर आगटीत घालू नयेत.

राहिलेली राख भाजीच्या कुंडीत टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. राखेत पालाश असते हे खरे, पण ती अल्कधर्मी असते. आपल्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीच्या व अल्कधर्मी आहेत. त्यात राख वाढली की लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. म्हणून राख कंपोस्टच्या खड्ड्यात पातळ थराने पसरावी. विझवलेला कोळसा मात्र बारीक करून, शेणखतात मुरवून कुंडीच्या मातीत दहा भागांस एक भाग मिसळावा. तो ओल धरून ठेवतो.

कूलरच्या टाकीचा भाजी-वाफा

मराठवाड्यात उन्हाळा कूलरशिवाय जात नाही आणि पंपा जळाला, पत्रा गंजला की कूलर भंगारात जातो. त्याची खालची टाकी साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि आठ ते दहा इंच खोल असते. पालेभाज्यांची मुळे एवढ्या खोलीत आरामात वाढतात.

जस्ताच्या टाकीत भाजी चालेल का, असा प्रश्न शेतकरी विचारतात. जस्त आम्लात विरघळते. आपल्या अल्कधर्मी मातीत ते फारच कमी विरघळते, शिवाय मराठवाड्यातील जमिनीत जस्ताची उणीवच आढळते. म्हणून मुलामा शाबूत असलेली, न रंगवलेली टाकी वापरण्यास हरकत नाही. परंतु त्याच टाकीत जीवामृत, ताक किंवा कोणतेही आंबवलेले द्रावण तयार करू नये. त्यासाठी प्लॅस्टिकचे पिंप घ्यावे.

टाकीच्या बाजूला, तळापासून दोन इंचांवर, दोन छिद्रे पाडावीत. तळाशी दोन इंच विटांचे तुकडे व वाळू भरून त्यावर बारदानाचा तुकडा अंथरावा. आता छिद्रापर्यंतचे पाणी तळाशी साठते, जादा पाणी बाहेर पडते आणि मुळे खालून ओल घेत राहतात. घरातील एखादे माणूस दोन दिवस बाहेर गेले तरी पीक सुकत नाही.

नुसती काळी माती भरू नये. ती फुगते, दबते आणि सुकल्यावर भेगाळते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा कुजवलेले चिपाड असे मिश्रण करावे. रसवंतीवरचे ताजे चिपाड थेट मिसळू नये. ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. दोन-तीन महिने शेणकाल्यासह कुजवून मगच वापरावे.

पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे एकेक रोप लावावे. अर्धस्वयंचलित वॉशिंग मशीनच्या प्लॅस्टिक टबात कढीपत्ता, गवती चहा किंवा लिंबाचे कलम चांगले येते. टबाला तळाशी पाणी जाण्याचे छिद्र असतेच. त्यावर खापरी ठेवावी म्हणजे माती वाहून जात नाही.

पत्र्याचे भांडे उन्हात तापते. मुळांभोवतीची माती ३५ अंशांवर गेली की मुळांचे काम मंदावते. म्हणून भांडी घराच्या पूर्वेला ठेवावीत, बाहेरून चुना द्यावा व फेब्रुवारीपासून ओले गोणपाट गुंडाळावे.

जुन्या फ्रिजचा गांडूळखत वाफा

वायू काढलेल्या फ्रिजचे खोके पाठीवर आडवे टाकले की उत्तम गांडूळखत वाफा तयार होतो. त्याच्या भिंतीत फोमचा जाड थर असतो. जो थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नव्हता, तोच आता गांडुळांना मे महिन्यातील उन्हापासून वाचवतो. गांडुळांना साधारण २० ते ३० अंश तापमान मानवते, म्हणून वाफा सावलीतच असावा.

दार प्रथम काढून टाकावे. जुन्या फ्रिजमध्ये लपलेली मुले आत अडकून गुदमरल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. फोमचा तुकडा कधीही जाळू नये, त्याच्या धुरात सायनाईडचा विषारी वायू असतो. डोक्याकडील बाजूस एक वीट देऊन खोक्याला उतार द्यावा आणि पायथ्याला छिद्र पाडून खाली भांडे ठेवावे. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर तीन इंच पाचट, त्यावर पंधरा दिवस थंड होऊ दिलेले शेण व काडीकचरा भरून सुमारे एक किलो गांडुळे सोडावीत. वर ओले बारदान झाकावे. मुंग्या येऊ नयेत म्हणून खालच्या विटा पाणी भरलेल्या थाळ्यांत ठेवाव्यात. त्या थाळ्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंगणात पडलेल्या प्रत्येक वापराविना भागाला हाच नियम लावावा. त्यात पाणी साचत असेल तर तो पालथा घालावा किंवा परत विकावा.

पाण्याचा हिशेब

टंचाईच्या गावात परसबाग सांगणे सोपे आणि पाणी आणणे अवघड असते. तेव्हा हिशेब मांडूनच सुरुवात करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दोन बाय दोन फुटांची टाकी सुमारे ०.३७ चौरस मीटर भरते. दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले तर तिला सव्वादोन लिटर लागते. तेलाच्या डब्याला साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पुरते. एक टाकी व सहा डबे यांची रोजची गरज साडेचार लिटरच्या आत बसते. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी यासाठी जवळजवळ पुरेसे असते. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये, ते टबातील कढीपत्ता किंवा फुलझाडांना आलटून पालटून द्यावे.

कडक उन्हाळ्यात गरज दीडपट-दुप्पट होते. ज्यांना टँकरवर राहावे लागते त्यांनी मार्चनंतर टाकी रिकामी ठेवावी आणि दोन डबे मिरचीचे व एक कढीपत्त्याचा टब एवढेच जगवावे. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास मातीवर पांढरा थर चढतो. पहिल्या दमदार पावसात तळाजवळची छिद्रे मोकळी करून माती पावसाने धुऊन घ्यावी.

लागवडीचे वेळापत्रक

जून-जुलै : मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे डब्यात. टाकीत राजगिरा व चुका.

ऑक्टोबर ते जानेवारी : टाकीचे दोन भाग करून एका भागात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर किंवा पालक. पूर्ण टाकीला मेथीचे एक सपाट चमचा बी पुरते. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन भाग करावेत व बारा तास भिजवून पेरावेत. मेथी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत काढणीस येते. दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरला तर भाजी खंड न पडता मिळते.

फेब्रुवारी-मार्च : सावलीत पालक, पुदिना.

ऊसतोडीला गेलेल्या घरांत मागे आजी-आजोबा व शाळेतील मुले राहतात. आठवडी बाजारापर्यंत जाणे त्यांना जमत नाही आणि ताटात पालेभाजी क्वचितच पडते. कमरेइतक्या उंचीवर, विटांच्या थरावर ठेवलेली एक टाकी म्हाताऱ्या माणसाला न वाकता सांभाळता येते. घर सोडण्यापूर्वी माती भरून, पहिली मेथी पेरून जावे.

परसबागेसाठी बियाणे, गांडुळे किंवा मातीपरीक्षणाबाबत माहिती हवी असल्यास खामगाव (ता. गेवराई) किंवा अंबाजोगाई येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. गावातील महिला बचत गटांनी ‘उमेद’ अभियानातील पोषण परसबागेच्या कामात या वाफ्यांचा समावेश करून पाहावा.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. भंगारातील वस्तू स्वस्त मिळते म्हणून ती फुकटची समजू नये. तिच्यात आधी काय होते, तिच्यावर काय आहे आणि तिच्यातून हवा-पाणी कोठून जाते, एवढे तपासूनच ती अंगणात आणावी. विस्तवाचे भांडे विस्तवाला, मातीचे भांडे मातीला, आणि जे दोन्हीला चालत नाही ते दुकानातच राहू द्यावे. येत्या हुरड्याला आगटी भांड्यात पेटवा आणि गंजी सांभाळा.